हातात दिलेलं जुनं सील माझ्या गाडीचं नव्हतंच

जुने पार्ट मागून घेतले की फसवणूक होत नाही, असं मीही धरून चाललो होतो. मी ते मागितले, मिळालेही, आणि तरी फसलो.

गाडीखाली ऑइलचे थेंब पडायला लागले होते. टायमिंग बेल्टच्या, म्हणजे इंजिनाचे आतले भाग एका तालात फिरवणाऱ्या पट्ट्याच्या, बाजूने ओघळ आलेला. मेकॅनिक म्हणाला, कॅमशाफ्टचं (वॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचं) ऑइल सील, म्हणजे ऑइल अडवणारी रबरी कडी, गेलंय, ऑइल बेल्टवर जातंय, तेव्हा बेल्टही बदलून टाका. त्याचं निदान अगदी बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी गाडी मिळाली तेव्हा इंजिन धुऊनपुसून लख्ख केलेलं, बिलात सील, बेल्ट आणि मजुरी. माझ्या हातात त्याने एक काळं, कडक झालेलं सील ठेवलं. बेल्ट कचऱ्यात गेला म्हणाला. मी ते सील डिकीत टाकलं.

दोन महिन्यांत पुन्हा थेंब. दुसऱ्या मेकॅनिकने बेल्टवरचं कव्हर काढलं आणि मला जवळ बोलावलं. कॅम पुलीच्या, म्हणजे कॅमशाफ्टच्या टोकाला बसवलेल्या बेल्टच्या चाकाच्या, खाचांतून बोट घालून सीलच्या कडेला सिलिकॉन (गळती बुजवायचा लेप) थापलेलं होतं; त्यावर बोटाचा ठसा दिसत होता. बेल्ट जुनाच, ऑइल पिऊन फुगलेला, दातांच्या मुळाशी बारीक चिरा. डिकीतलं सील आणून नव्या सीलशेजारी धरलं, तर ते चांगलंच मोठं. दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचं.

पैशांपेक्षा मला राग आहे तो बेल्टचा. तो तुटला असता तर कॅम जागीच थांबतो, पिस्टन मात्र चालत राहतात, आणि बऱ्याच इंजिनांत ते उघड्या वॉल्व्हवर आपटून वॉल्व्ह वाकवतात. हे त्या माणसाला ठाऊक नव्हतं असं मी मानूच शकत नाही.

मी पहिल्या मेकॅनिकला फोन केला. तो म्हणाला, "जुनं सील तुम्हीच घेऊन गेलात की!"

हे सील बदलायचं तर बेल्ट उतरवून, बोल्ट सोडून कॅम पुली काढावीच लागते. त्याशिवाय सील बाहेर येत नाही. सिलिकॉनने काही थांबतही नाही, कारण गळती बहुधा फिरत्या शाफ्टला टेकलेल्या सीलच्या ओठातून, म्हणजे आतल्या कडेतून, होते. म्हणून पुली काढल्यावर बोलवायला सांगा आणि जुनं सील जागेवर असतानाच त्याचा फोटो घ्या. सीलच्या तोंडावर बहुतेक वेळा नंबर किंवा मापाचे आकडे असतात, ते नव्याशी जुळवा. नव्या बेल्टच्या पाठीवरची छपाई ठळक असते, कव्हर लावण्याआधी तीही बघा. आणि तुमच्या इंजिनाला बेल्टऐवजी टायमिंग चेन असेल तर जास्तच सावध राहा: चेन ऑइलमध्येच चालते, त्यामुळे तिथे पुलीमागे असं सील सहसा नसतंच; तरी बिलात ते दिसलं तर जाब विचारा.