शिमग्यात काय घ्यावं: बॉक, गव्हाची बिअर की हुर्राक?

फाल्गुन लागला की तळकोकणात दोन चौकश्या सुरू होतात: चाकरमानी कधी येणार आणि बसायचं कधी. यंदा त्यात तिसरी भर पडली आहे. गोव्यातल्या एका छोट्या क्राफ्ट ब्रुअरीने खास वसंतासाठी बॉक, म्हणजे जर्मन वळणाची गोडसर, कडक बिअर, काढलाय. ५०० मिलीचा कॅन, लेबलवर शिंगं रोखलेला बोकड आणि मद्यार्क ६.८ टक्के. सावंतवाडी-कुडाळकडची मंडळी तिकडे गेली की चाखून येतात आणि मग फोनवर एकच विचारणा होते: घेण्यासारखा आहे का, की आपली नेहमीची गव्हाची बिअर बरी? आणि मार्च-एप्रिलच आहे, तर सरळ हुर्राकच, म्हणजे काजूच्या बोंडूची मोसमी दारूच, का नको?

घाईत असलेल्यांसाठी निकाल आधीच सांगतो. भर दुपारी, मासे खाताना गव्हाची. दिवेलागणीनंतर कोंबडी-वड्यांबरोबर बॉक. गोव्यातच मुक्काम असेल आणि चार जाणती माणसं सोबत असतील तर हुर्राक. मात्र नेहमीच्या स्ट्राँग बिअरच्या जागी म्हणून बॉक घेणार असाल तर पैसे वाया जातील. का, ते पुढे येईलच.

बॉक हा मूळचा थंड मुलखातला. उत्तर जर्मनीतलं आइनबेक हे त्याचं गाव. तिथल्या बिअरच्या विक्रीची १३७८ सालची नोंद सापडते. पुढे म्युनिकच्या दरबाराला ती इतकी आवडली की १६१४ मध्ये होफब्रॉयहाउस या दरबारी ब्रुअरीसाठी आइनबेकचाच एक ब्रूमास्टर आणला गेला. मग म्युनिकच्या पाउलानर मठातल्या साधूंनी त्याहून दाट बिअर बनवली आणि ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासात अन्नाऐवजी ती प्यायली. आजही म्युनिकमध्ये कडक बिअरचा मोसम याच उपासकाळात असतो. आपल्याकडे गोव्यात इंत्रुज, म्हणजे कार्निव्हल, संपतो तेव्हा तिकडे तो सुरू होतो. थोडक्यात, तिकडचा वसंत म्हणजे अंगावर स्वेटर ठेवून बाहेर बसण्याचे दिवस, आणि आपल्या मार्चमध्ये अकरा वाजता अंगण तापलेलं असतं. एवढं लक्षात ठेवलं की या बिअरच्या निम्म्या तक्रारी उलगडतात.

गोव्यातला हा बॉक उजळ जातीचा आहे. जर्मनीत याला मायबॉक म्हणतात. ग्लासात ओतला की गडद मधाचा रंग, वर पांढरा, दाट फेस आणि तो बराच वेळ टिकणारा. पहिला वास भाकरीच्या खरपूस पापुद्र्यासारखा येतो. जिभेवर आधी माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, गोडवा, मग घोट उतरताना थोडा कडवटपणा, आणि शेवटी घशात ऊब. हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं, इथे तोल सांभाळण्यापुरती आहेत. आयपीए ही कडू बिअर पिणाऱ्यांनी कडूपणाची आशा धरू नये.

याची किंमत शेजारच्या कॅनपेक्षा जास्त का, हेही सांगायला हवं. बॉक लागर कुळातला. त्याचं यीस्ट साधारण १० अंशांवर सावकाश काम करतं आणि त्यानंतर बिअर कित्येक आठवडे शून्याच्या आसपास टाकीत निवत ठेवावी लागते. बाहेर ३४ अंश आणि घामाच्या धारा असताना एक टाकी महिना-दीड महिना अडवून ती गार ठेवायची, म्हणजे विजेचं बिल आलंच. शिवाय माल्टही जास्त लागतं. गव्हाच्या बिअरचं यीस्ट विशीच्या आसपासच्या तापमानाला खूश असतं आणि दोन-तीन आठवड्यांत माल तयार होतो. त्यामुळे दरातला फरक नुसता बोकडाच्या चित्राचा नाही.

पिणाऱ्यांचं काय म्हणणं?

आमच्या गोव्यातल्या बैठकीत मतं फाटली, तीही वयाच्या नव्हे तर सवयीच्या रेषेवर. काका आयुष्यभर स्ट्राँग पिणारे. दोन घोट घेऊन त्यांनी ग्लास उजेडात धरला आणि विचारलं, “ह्येच्यात साखर घातली हा काय रे?” साखर नाही. जर्मन रीतीत लागर बिअरला ती चालतच नाही. हा गोडवा माल्टमधल्या, यीस्टने न पचवलेल्या शर्करांचा. खरं तर साखर, तांदूळ किंवा मका घालून जोर वाढवण्याची पद्धत आपल्या नेहमीच्या स्ट्राँगमध्येच जास्त. तिथे चव हलकी आणि मद्यार्क भारी. इथे चव आणि मद्यार्क दोन्ही भारी. काकांना ते पटलं नाही, पण लेबलवरचा बोकड बघून त्यांनी रात्री मटणाचा बेत ठरवून टाकला, आणि मटणाबरोबर तोच कॅन त्यांनी निमूटपणे संपवला. माझ्या मते यातच या बिअरचा खरा आढावा आला.

मुंबईहून आलेल्या आतेभावाची तक्रार वेगळी: ही पुरेशी थंड नाही. तो कॅन फ्रीझरमध्ये टाकायला निघाला होता. बॉक ७ ते १० अंशांवर प्यायचा असतो. बर्फगार केला की माल्टचा वास बसून जातो आणि उरतं फक्त गोडसर, जड पाणी. फ्रीजमधून काढून दहा मिनिटं टेबलावर ठेवा, आपल्या हवेत तेवढ्यात काम होतं. जास्त विसरू नका, कारण पाऊण तासाने तीच बिअर काढ्यासारखी होईल. थंडगार घशाखाली ओतायचं काहीतरी हवं असेल तर बॉक तुमच्यासाठी नाही, आणि त्यात बॉकचाही दोष नाही.

वहिनींचं मत सगळ्यात नेमकं होतं. त्यांनी एकच ग्लास घेतला आणि म्हणाल्या, “चव छान आहे, पण दुसरा नको.” हा बॉकचा गुण आणि मर्यादा दोन्ही. एका कॅनमध्ये पोट भरल्यासारखं होतं. तासन्‌तास गप्पा मारत पिण्याची ही चीज नव्हे. आणि भावोजी, जे सहसा काही बोलत नाहीत, ते दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले: “गोड लागता, पण चढता कधी ताच कळणा नाय.”

चढण्याचा हिशेब

भावोजींचं बोलणं आकड्यांत मांडू. ६.८ टक्क्यांचा ५०० मिलीचा कॅन म्हणजे ३४ मिली शुद्ध मद्यार्क. ५ टक्क्यांच्या माइल्डची ६५० मिलीची मोठी बाटली म्हणजे ३२.५ मिली. म्हणजे बॉकचा छोटा दिसणारा कॅन आणि माइल्डची आख्खी बाटली जवळपास सारखीच. ८ टक्क्यांच्या स्ट्राँगची मोठी बाटली ५२ मिलीवर जाते. व्हिस्कीचा ३० मिलीचा पेग ४२.८ टक्क्यांनी १३ मिलीच्या आत येतो. बॉकचा एक कॅन अडीच पेगांहून जास्त भरतो तो असा. गव्हाच्या बिअरचा ३३० मिलीचा पिंट, ५ टक्के धरला तर, साडेसोळा मिली. बॉकच्या निम्म्याहून कमी.

स्ट्राँगऐवजी बॉक का घेऊ नये, तेही यातच आलं. ज्याला कमी पैशांत जास्त हवं, त्याला बॉक महागात पडतो आणि चवीकडे त्याचं लक्ष नसतं. कायद्याच्या लेखी मात्र दोघी एकाच टोपलीत: ५ टक्क्यांच्या वरची आणि ८ टक्क्यांपर्यंतची ती स्ट्राँग. महाराष्ट्रात माइल्डसाठी वय २१ लागतं, स्ट्राँगसाठी २५. ‘क्राफ्ट आहे हो’ म्हणून बॉकला सवलत नाही.

गव्हाची बाजू

आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक गव्हाच्या बिअर बेल्जियन वळणाच्या: धणे आणि संत्र्याची साल घातलेल्या, धुरकट पिवळ्या, हलक्या. काही जर्मन वळणाच्या, ज्यात यीस्टमुळे केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. दोन्हींत कडवटपणा जेमतेम. तळलेले बांगडे, लिंबू पिळलेली सुरमई किंवा तिसऱ्यांचं सुकं समोर असेल तर मी डोळे झाकून गव्हाची घेईन. बॉकचा गोडवा माशाच्या चवीवर बसतो. माशाला हलकं, थोडं आंबटसर काही हवं असतं.

उलट भाजलेल्या खोबऱ्याचं वाटप, गरम मसाला, मटणाचं सुकं, कोंबडी-वडे असं ताट आलं की गव्हाची फिकी पडते. तिथे बॉक उभा राहतो. भाजलेल्या मसाल्याचा खमंगपणा आणि माल्टचा खमंगपणा एकमेकांना धरून चालतात, आणि मालवणी तिखटाची धार गोडव्याने थोडी बोथट होते. खूप कडू हॉप्सची बिअर तिखटाबरोबर घेतली तर तोंड पेटतं, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना यातला फरक लगेच कळेल. सोलकढी मात्र जेवणाच्या शेवटी. बिअरच्या घोटावर सोलकढी घेणाऱ्यांशी माझा वाद आहे आणि तो इथे मिटणार नाही.

हुर्राकशी तुलना होते का?

तशी ही दोन वेगळी कुळं. एक धान्याची, मुरवलेली. दुसरी बोंडूच्या रसाची, भट्टीतून काढलेली. पण ‘मोसमी’ हा शब्द खरा करून दाखवणारं पेय किनाऱ्यावर एकच आहे, आणि ते कुठल्या मार्केटिंगवाल्याने ठरवलेलं नाही. काजू पिकला की हुर्राक, काजू संपला की हुर्राक संपला. बोंडू तुडवून काढलेला रस आंबवला की पहिल्या वाफेला निघतो तो हुर्राक. तोच आंबवलेल्या रसात मिसळून पुन्हा चढवला की फेणीच्या वाटेला लागतो. फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण हुर्राक साठवण्याचं पेय नव्हे, तो त्याच मोसमात संपवायचा. जोर साधारण १५ टक्के, भट्टीनुसार कमीजास्त. लिम्का किंवा सोडा, लिंबू, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची, बस. ९० मिली हुर्राक म्हणजे साडेतेरा मिली मद्यार्क. पण ९० वर थांबणारा माणूस मी पाहिलेला नाही.

उन्हाळ्याला तो बॉकपेक्षा कितीतरी जवळचा, आणि स्वस्तही. अडचणी दोन. बोंडूचा वास ज्याला सोसत नाही त्याला कितीही मिरच्या चिरून दिल्या तरी उपयोग नाही. आणि तो वास दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सोबत राहतो. दुसरी अडचण विश्वासाची. बिनलेबलच्या बाटलीत काय आहे ते विकणाऱ्यालाच ठाऊक. परवानाधारक बारमध्ये किंवा ओळखीच्या भट्टीवाल्याच्या हातचा घ्या, रस्त्यावरच्या प्लास्टिकच्या कॅनमधला नको. पहिल्यांदाच पिणाऱ्या पाहुण्याला मी हुर्राक देणार नाही, बॉक देईन. गावच्या माणसाला उलटं.

आता नाक्याचं

आपल्याकडच्या बऱ्याच बेतांचा खरा निर्णय गोव्याच्या हद्दीजवळच्या इन्सुलीच्या चेकनाक्यावर लागतो. बॉक तूर्त गोव्यातच मिळतो, हुर्राकही तिकडचाच. गोव्याची दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं हा गुन्हा आहे, मग ती क्राफ्ट असो नाही तर फेणी. ‘दोनच कॅन आहेत साहेब’ हे वाक्य नाक्यावरच्या प्रत्येकाने ऐकलेलं असतं. त्यामुळे घरच्या अंगणातल्या बैठकीपुरतं बोलायचं तर तुलना तिथेच संपते: सावंतवाडी, कुडाळ, वेंगुर्ल्याच्या वाइन शॉपमध्ये रीतसर मिळणारी गव्हाची बिअर घ्या. बॉक आणि हुर्राकसाठी तिकडे जा, तिथेच प्या, तिथेच झोपा. किंवा थिवीहून रेल्वेने परत या, रिकाम्या हाताने. गाडी चालवायची असेल तर १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅमची मर्यादा आहे, आणि बॉकच्या एका कॅनने ती सहज ओलांडली जाऊ शकते.

ब्रुअरीच्या टॅपरूममध्ये बसणार असाल तर नळावरचा बॉक आधी छोट्या ग्लासात मागून पाहा. तो कॅनपेक्षा टवटवीत लागतो, आणि नाही आवडला तर अर्ध्या लिटरचं ओझं गळ्यात पडत नाही.

कॅनच घ्यायचा तर तळाशी छापलेली तारीख वाचा. दुकानदाराला फ्रीजमधलाच मागा; दाराशी रचलेल्या खोक्यातला नको. पाश्चराइझ न केलेली बिअर उन्हात आणि उकाड्यात झपाट्याने म्हातारी होते, चवीला ओल्या पुठ्ठ्याचा वास यायला लागतो. चांगला गार ठेवलेला बॉक दोन-तीन महिने आरामात टिकतो, गव्हाच्या बिअरपेक्षा बराच जास्त. पण मे अखेरीस वळवाबरोबर वीज जायला लागते, शॅक आवरले जातात आणि उरलेला माल सवलतीत निघतो. तेव्हा ‘एकावर एक फ्री’ची पाटी दिसली तर आधी विचारा, दुकानात इन्व्हर्टरवर फ्रीज चालतो की नुसते दिवे.