चौदा महिने शॉटगनचं शिक्षण: फी वसूल झाली ती आरशासमोर

आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात घरात दोननळी बंदूक, म्हणजे छर्ऱ्यांची शॉटगन, असणं ही काही फुशारकीची गोष्ट नाही. काजू, पोफळी, केळी लावली की रानडुकरं आणि माकडं आलीच. वडिलांच्या नावावर शेतीसंरक्षणाचं लायसन्स होतं, ते गेल्यावर रीतसर माझ्या नावावर झालं. लायसन्स म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. वन्यजीव कायद्यामुळे आता तो विषयच नाही, आमचा बार फक्त आवाजापुरता. त्यामुळे वीस वर्षं बंदूक हाताळूनही आपल्याला नेम आहे की नाही, हे तपासायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती.

ती आली डिसेंबर २०२३मध्ये. मेहुण्याच्या ओळखीने घाटापलीकडच्या एका रेंजवर गेलो आणि ट्रॅपचा, म्हणजे उडत्या चकत्या फोडायच्या खेळाचा, एक राउंड खेळलो. समोर पंधरा मीटरवर खंदक, त्यात यंत्रं लपवलेली. तुम्ही ‘पुल’ म्हणालात की तळहाताएवढी मातीरंगाची चकती सुटते. कुठल्या बाजूला जाईल ते सुटल्यावरच कळतं. ऑलिम्पिकच्या नियमात तिचा व्यास ११० मिलिमीटर आणि वजन १०५ ग्रॅम. एका राउंडला पंचवीस चकत्या, आणि साध्या फेरीत एका चकतीवर दोन बार काढता येतात. म्हणजे पन्नास संधी. माझ्या फुटल्या चार. शेजारी बारावीतली एक मुलगी शांतपणे एकवीस फोडून काडतुसांची रिकामी टरफलं गोळा करत होती.

परत आल्यावर शिकवणाऱ्याचा शोध सुरू केला. साखळीला राहणारे एक निवृत्त सुभेदार मिळाले. मूळचे गडहिंग्लजकडचे, मुलीकडे गोव्यात स्थायिक. दर रविवारी सकाळी स्कूटरवरून यायचे. फी एका वेळेला सातशे रुपये, वर चहा आणि आईच्या हातचे पोळे.

पहिल्या दिवशी मी काडतुसांचा डबा काढून ठेवला होता. त्यांनी तो आईकडे दिला आणि म्हणाले, "हे कुलपात ठेवा मावशी, दोन महिने लागणार नाही."

मग बंदूक मधून उघडून दोन्ही नळ्यांतून उजेड बघितला, मला बघायला लावला, पुन्हा स्वतः बघितला. चौदा महिन्यांत एकदाही हा विधी त्यांनी टाळला नाही. मधे चहाला बंदूक खाली ठेवली तरी उचलताना पुन्हा तेच.

त्यानंतर दोन्ही हात लांब करून अंगठ्यांच्या बेचक्यातून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला सांगितलं. "आता डावा डोळा मिटा." घड्याळ गायब. "उजवा मिटा." घड्याळ जागेवर. ते नुसते हसले. मी उजव्या हाताचा माणूस, पण नजरेवर हुकूम चालतो तो डोळा डावा. बंदूक उजव्या खांद्याला लावून दोन्ही डोळे उघडे ठेवले की नळी एकीकडे रोखलेली आणि नजर दुसरीच रेघ धरलेली. वडील मला लहानपणी "वांकडो मारता" म्हणायचे, त्याचं कारण सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं.

उपाय तीन आहेत, त्यांनी तिन्ही सांगितले. डाव्या खांद्यावरून शिकायचं, नाहीतर डावा डोळा मिटायचा, नाहीतर चष्म्याच्या डाव्या काचेवर नेमक्या जागी धूसर टेपचा तुकडा लावायचा. या वयात खांदा बदलणं मला जमेना. डोळा मिटला की चकतीच्या अंतराचा अंदाज जातो आणि बाजूची नजरही बंद होते. टेपने मात्र बाजूचा उजेड राहतो, फक्त नळीच्या टोकावरच्या माशीवरची, म्हणजे नेमाच्या दाण्यावरची, डाव्या डोळ्याची दादागिरी जाते. तुकडा नखाएवढा, पण जागा मिळायला अर्धा तास लागला. मी बंदूक गालाला लावून उभा, आणि ते बाजूने पेन्सिलीने काचेवर ठिपके देतायत. सगळ्या फीमधलं सर्वांत महाग सामान तेच, आणि बाजारात त्याची किंमत दहा रुपये.

पुढचे दोन महिने गोदरेजच्या कपाटासमोर. रिकामी बंदूक कमरेपासून वर, गालाला, खांद्याला. आरशात उजव्या डोळ्याची बाहुली नळ्यांच्या मधोमध बरोबर वर बसली पाहिजे. रोज पन्नास वेळा. "गाल बंदुकीकडं न्यायचा नाही. बंदूक गालाकडं आणायची." हे वाक्य मी झोपेतही ऐकलं असेल. कारण साधं आहे. शॉटगनला रायफलीसारखं मागचं साइट नसतं, मागचं साइट म्हणजे तुमचा डोळा. गाल दस्त्यावर, म्हणजे बंदुकीच्या मागच्या लाकडावर, दर वेळी वेगळ्या जागी टेकला, तर दर वेळी वेगळं साइट लावल्यासारखंच. माझ्या बाबतीत आणखी एक भानगड निघाली. दस्ता वडिलांच्या मापाचा, ते माझ्यापेक्षा चांगले चार बोटं बुटके. मागे पाऊण इंचाचा रबरी पॅड बसवल्यावर मान सरळ झाली आणि बार काढल्यावर नाकाला लागणारा अंगठाही थांबला.

सर्वांत आवडलेला सराव टॉर्चचा. पेन्सिल-टॉर्चला इन्सुलेशन टेप गुंडाळून ती उजव्या नळीत घट्ट बसवायची आणि रात्री दिवा घालवून उजेडाचा ठिपका आढ्याच्या लाकडावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यायचा. ठिपका लाकडावरून घसरता कामा नये आणि टोकाला थांबताही कामा नये. आमचं घर कौलारू, त्यामुळे आढं, वासे, रिपा सगळ्या रेघा तयार. आई ओसरीवरून विचारायची, "पाली सोदता काय रे?"

मार्चमध्ये लोकसभेची आचारसंहिता लागली आणि बंदूक पोलीस स्टेशनात जमा. हे आमच्याकडे दर निवडणुकीला होतं. तक्रार एवढीच की पावती देताना दस्त्यावरच्या नव्या पॅडची नोंद करून घ्या म्हटलं, तर "तुमी वचात आतां" (तुम्ही जा आता) असं उत्तर मिळालं. जूनमध्ये परत मिळाली तेव्हा नळीच्या तोंडाशी गंजाची बारीक रेघ. मधल्या काळात सुभेदारांनी फावड्याच्या दांड्यावर सराव घेतला. शेजाऱ्यांना काय वाटलं असेल ते असो, पण माझ्या मते खांदे आणि पाय त्याच काळात सुधारले. हातात बंदूक नसल्यामुळे घोड्याकडे लक्ष जायचंच नाही, नुसतं कमरेतून वळायचं.

ऑगस्टमध्ये पॅरिस ऑलिम्पिकला अनंतजीत सिंग नरुका आणि माहेश्वरी चौहान यांचं स्कीटच्या (चकत्या फोडायचाच दुसरा प्रकार) मिश्र स्पर्धेतलं ब्राँझ ४४-४३ने हुकलं, ते आम्ही दोघांनी मोबाईलवर बघितलं. एक चकती. सुभेदार बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "चला, आरसा."

पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरपासून महिन्यातून एकदा चोर्ला घाट चढून रेंजवर. माझं लायसन्स गोव्यापुरतं, म्हणून तिथे क्लबची बंदूक. पहिल्याच राउंडला नऊ. त्यापेक्षा मोठी गोष्ट त्या दिवशी दुपारी घडली. सुभेदारांनी स्वतः बंदूक भरून माझ्या हातात द्यायला सुरुवात केली. तिसऱ्या वेळेला ‘पुल’ म्हटलं, चकतीमागे गेलो, घोडा दाबला, नुसतं ‘खट्ट’. आणि नळीचं तोंड झप्पकन वीतभर खाली. त्यांनी मुद्दाम खोटं काडतूस घातलं होतं. आवाज नाही, धक्का नाही, तरी माझा खांदा धक्क्याच्या भीतीने आधीच पुढे गेलेला. खऱ्या बारात हे दिसतच नाही, धक्क्यात लपून जातं. पुढचे दोन राउंड खरी-खोटी काडतुसं मिसळून. हे एकट्याने करून बघता येत नाही, कारण काय भरलंय ते आपल्याला माहीत असतं.

चकतीच्या पुढे किती मारायचं, हा माझा पहिल्या दिवसापासूनचा प्रश्न. त्यांनी तो दहा महिने टाळला, मग एकदा चहाच्या टपरीवर खडूने मांडून दाखवला. आडवी जाणारी चकती सेकंदाला वीस मीटर पळतेय आणि छर्ऱ्यांना तिथवर पोचायला सेकंदाचा दहावा भाग लागतोय असं धरा, तर ती तेवढ्यात दोन मीटर पुढे सरकते. "आता हे दोन मीटर हवेत मोजत बसाल तर हात थांबेल. हात थांबला की छर्रे चकतीच्या मागं." मग करायचं काय, तर चकतीच्या मागून येऊन तिला गाठायचं, ओलांडताना घोडा दाबायचा आणि पुढे जात राहायचं. आढ्यावरचा ठिपका टोकाला का थांबवायचा नाही, ते तेव्हा डोक्यात शिरलं.

आता खर्च. घरच्या शिकवण्यांचे सगळे मिळून पस्तीस-छत्तीस हजार. रेंजवर काडतुसं, चकत्या, क्लबची बंदूक मिळून एक राउंड मला तीन हजारांच्या आसपास पडला, पेट्रोल आणि जेवण वेगळं. ज्यांना वाटतं की भरपूर बार काढले की हात बसतो, त्यांनी हा हिशोब आधी करावा. आरशाशिवाय हेच पैसे उडवले असते तर मी भीती आणि वाकडी मानच पक्की केली असती.

तक्रारी आहेत. घरी शेजारी-शेजारी नळ्यांची आणि रेंजवर वरखाली नळ्यांची बंदूक, दस्त्याचं माप वेगळं, त्यामुळे प्रत्येक वेळी पहिल्या दहा चकत्या जुळवून घेण्यात जातात. रेंजवर दिलेले कानाचे मफ जुने होते. दोन तास कान वाजत होते, तेव्हापासून मी स्वतःचे प्लग आणि वर मफ असं दोन्ही वापरतो. सुभेदार स्कीट शिकवत नाहीत, "तो दुसऱ्याचा विषय" म्हणतात. आणि त्यांना घाई नाही, हे काही जणांना झेपणार नाही. माझा भाचा तिसऱ्या रविवारी सटकला.

गेल्या महिन्यात सतरा. उजवीकडे पळणारी चकती अजून मागेच पडते. परतीच्या वाटेवर चोर्ल्याला धुकं लागलंय असं मला सारखं वाटत होतं. भाचा गाडी चालवत होता, तो म्हणाला, धुकं नाही मामा, ऊन आहे. चष्म्यावरची टेप काढायची राहिली होती.