सशांसाठी घेतलेली तपासणीची साधनं: दहा महिन्यांनंतर काय वापरात आहे आणि काय कपाटात

मार्चमध्ये आमच्या परभणीच्या घरात दोन ससे आले. कापशी पांढरीशुभ्र, लाल डोळ्यांची. ढब्ब्या करडा, तिच्याहून लहान. ससा दुखणं लपवतो. रानात लंगडणारा ससा आधी उचलला जातो, त्यामुळे घरातही तो शेवटपर्यंत ‘मला काही झालं नाही’ असाच बसतो. पशुवैद्यकीय महाविद्यालयामुळे आमच्याकडे डॉक्टरांची तशी अडचण नाही, पण त्यांच्याकडे कधी न्यायचं हे घरातच ओळखावं लागतं. त्या भीतीपोटी मी पहिल्या महिन्यातच पाच वस्तू घेऊन टाकल्या.

सगळ्यात महाग होती कपाळावर धरायची थर्मामीटर गन आणि सगळ्यात आधी निकालात निघाली तीच. अंगावर दाट केस, तिथे गन नुसती केसांचं तापमान सांगते. कानात धरावी तर ससा अंगातली उष्णता कानांवाटेच बाहेर टाकतो, म्हणून कान कधी गार, कधी गरम. एकाच दुपारी दहा मिनिटांच्या अंतराने ९३ आणि १०१ असे दोन आकडे आले. ससा तोच, तसाच पडलेला.

मग मेडिकलमधून साधं डिजिटल थर्मामीटर आणलं, टोक वाकणारं आणि दहा सेकंदांत आकडा देणारं. दुकानदार म्हणाला, “ताई, लेकरू किती महिन्याचं?” ससा म्हटल्यावर त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि गुमान पाकीट दिलं. काचेचं घेऊ नका, सशाने लाथ मारली की फुटतं. ताप गुदद्वारातूनच घ्यावा लागतो. टोकाला व्हॅसलीन लावायचं, जेमतेम सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर आत. ससा टॉवेलात गुंडाळून मांडीवर, आणि धरायला दुसरं माणूस हवंच. उताणा करून, एकट्याने, घाईत हे करू नका. सशाच्या मागच्या पायांत एवढा जोर असतो की नीट न धरल्यास लाथ झाडताना त्याचंच कंबरडं मोडू शकतं. आमचे हे पहिल्या वेळी धरायला बसले आणि हातावर तीन ओरखडे घेऊन उठले.

निरोगी सशाचा ताप साधारण १०१.३ ते १०४ फॅरनहाइट. थर्मामीटर मात्र माणसांचं, त्यामुळे आमच्याकडे ते दर वेळी तापाची धोक्याची पीप-पीप वाजवतं. सुरुवातीला छातीत धस्स व्हायचं. आता आवाज नाही, आकडा बघते. आणि आकडा खाली गेलेला जास्त वाईट. १०० च्या खाली, त्यात ससा खात नाही, लेंड्या नाहीत, म्हटलं की सकाळची वाट बघायची नाही.

मे महिन्यात याच थर्मामीटरने उपयोग दाखवला. बाहेर ४३ अंश, लाइट गेलेली, आणि कापशी फरशीवर पसरून धापा टाकत होती. ताप १०५.४. कानांना साधं पाणी लावलं, बर्फ नाही. ओल्या गोणपाटाच्या आडोशाला ठेवली, डॉक्टरांना फोन केला. रिक्षा दारात येईपर्यंत १०३.८ वर आली होती. तरी नेलीच.

त्यानंतर खोलीचं तापमान आणि दमटपणा दाखवणारं छोटं घड्याळासारखं यंत्र भिंतीवरून काढून पिंजऱ्यालगत फरशीवर ठेवलं. भिंतीवर ३१ दाखवायचं, पत्र्याच्या बाजूच्या कोपऱ्यात खाली ३५! कूलरची लबाडीही त्यानेच पकडून दिली. मेच्या कोरड्या हवेत कूलर चार-पाच अंश उतरवतो, पण पावसाळ्यात खिडक्या लावून चालवला की दमटपणा ८० च्या वर जातो आणि गारवा काहीच नाही. ससे ओल्या हवेत बसल्यासारखे.

स्टेथोस्कोप हौसेने घेतला. छातीचे ठोके मोजायचा नाद सोडला, मिनिटाला दोनशेच्या वर, मोजता मोजता बोबडी वळते. पोटाला लावून गुडगुड ऐकायला मात्र बरा. रोज ऐकलं तर नेहमीचं पोट कसं वाजतं ते कळतं आणि गप्प पडलेलं पोट ओळखता येतं. नवख्याने यावर पैसे नाही घातले तरी चालतील.

खरं काम केलं चारशे रुपयांच्या स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याने. पाच किलोचा, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा. वर प्लास्टिकचं टोपलं ठेवायचं, आकडा शून्य करायचा, टोपल्यात कोथिंबिरीची काडी आणि ससा. बॅगा मोजायचा हुकाचा काटा आधी घेतला होता, त्यात पिशवी झुलते आणि आकडा नाचतो. घेताना आकडा धरून ठेवणारं बटण आहे का ते बघा, ससा काही स्थिर बसत नाही. महिन्यातून एकदा मिठाची किलोची पुडी ठेवून काटा पडताळते.

दर रविवारी सकाळी, चारा टाकायच्या आधी. ऑगस्टमध्ये वहीत ढब्ब्याचे आकडे असे पडले: १८४२, १८२०, १७७६, १७१८. ससा खात होता, निदान तसं दिसत होतं. घास तोंडात घ्यायचा आणि अर्धा खाली टाकायचा, ते वजन उतरल्यावरच नीट पाहिलं. हनुवटीही ओली. सव्वाशे ग्रॅम म्हणजे त्याच्या अंगाचा पंधरावा हिस्सा, साठ किलोच्या माणसाचे चार किलो! डॉक्टरांनी दाढ तपासली. एका दाढेला टोक आलं होतं, ते जिभेला घासत होतं. भूल देऊन घासावं लागलं. सशाचे दात जन्मभर वाढतात आणि गवत चावूनच झिजतात. आमच्याकडे पोळीचे तुकडे आणि पेलेट (सशांच्या तयार खाद्याच्या गोळ्या) जास्त, गवत कमी. चूक आमचीच. लसूणघासही भरपूर टाकायचो, पण त्यात कॅल्शियम फार, मोठ्या सशाला रोज नको. आता हरळी आणि वाळलेलं गवत. दिवाळीला ढब्ब्या १८३० वर आला.

घरी दाढा बघायला कान तपासायची बॅटरी घ्यावी का, असं डॉक्टरांना विचारलं होतं. नको म्हणाले. तोंड एवढं अरुंद की सवय नसलेल्याला काही दिसत नाही, ससा मात्र बिथरतो. तो खर्च वाचला.

थर्मामीटर गन लेकीच्या ताब्यात आहे. टाकीचं पाणी किती तापलं ते बघूनच तिची आंघोळ ठरते.