वास्कोतलं डायव्हिंगचं दुकान: माल कमी, माणूस पक्का

मास्कचा पट्टा तुटला म्हणून गेलो होतो. ऑनलाइन स्वस्त मिळतो, खरंय. पण तिथे कुणी मास्क चेहऱ्याला लावून, नाकाने श्वास आत ओढायला सांगून तो चिकटतोय का ते बघत नाही. दुकानदार दादांनी बघितलं. वर माझा रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडात देणारं यंत्र) उघडून आत साचलेलं मीठही दाखवलं. "गोड्या पाण्यात भिजवत नाय ना?" मी गप्प. पावसाळ्यात समुद्र खवळला की ग्रँड आयलंड या जवळच्या बेटाच्या डायव्हिंग फेऱ्या बंद, दुकानभाडं मात्र सुरूच. दादा म्हणाले, "नॉर्वेत थंडीपायी ड्रायसूट, म्हणजे आत पाणी न शिरू देणारा सूट, तरी खपतो, इथल्या २८ अंशांच्या पाण्यात ३ मिलिमीटर जाडीचा सूटसुद्धा भाड्यानेच हवा लोकांना!" फिनमध्ये (पोहताना पायात घालायचे पंखे) माझा नंबर नव्हता. मागितल्याशिवाय पावती देत नाहीत. एक तारा त्याचा कापला.