जेलीफिनवर इंटरनेट टीव्ही: ठाण्यातल्या घरात काही महिने वापरल्यानंतर

आधी निष्कर्ष सांगते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांना पुढचं वाचायची गरज नाही. जेलीफिन म्हणजे घरच्या संगणकावरून टीव्ही-फोनला व्हिडिओ पुरवणारं मोफत सॉफ्टवेअर. अशा घरच्या सर्व्हरवर इंटरनेट टीव्ही उत्तम चालतो, पण सर्व्हर उभा करणं हा त्यातला सर्वांत सोपा भाग आहे. खरं काम चॅनेलची यादी आणि कार्यक्रमांचं वेळापत्रक सांभाळण्याचं. ते दर महिन्याला थोडा वेळ बसून करायची तयारी असेल तर हा खटाटोप जरूर करा. नसेल तर केबल काढू नका.

आम्ही वर्तकनगरला राहतो. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं आणि शाळेत जाणारी मुलगी. टीव्हीशेजारी एक मिनी पीसी आहे, इंटेल एन१०० प्रोसेसरचा. फोटो आणि जुन्या घरगुती व्हिडिओंसाठी त्यावर जेलीफिन आधीपासून चालू होतंच. एन१०० चार कोअरचा आणि सहा वॉट टीडीपीचा (प्रोसेसरच्या वीज-उष्णतेचा ठरवलेला आकडा). अख्ख्या मशीनचे सरासरी दहा वॉट धरले तर दिवसरात्र चालवून महिन्याला साधारण सात युनिट होतात. वीजबिलात ते जाणवत नाही.

जेलीफिनच का? २०१८ च्या डिसेंबरमध्ये एम्बी या तशाच सॉफ्टवेअरने आपला सोर्स कोड बंद केला, तेव्हा त्याच्या शेवटच्या खुल्या आवृत्तीपासून जेलीफिन वेगळं झालं. त्यामुळे थेट टीव्ही आणि रेकॉर्डिंग या दोन्ही सोयी त्यात फुकट आहेत. प्लेक्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डिंगसाठी सशुल्क प्लेक्स पास घ्यावा लागतो, शिवाय एम३यू यादी (चॅनेलच्या लिंकची साधी टेक्स्ट फाइल) ते थेट घेत नाही. मला यादीवरच काम करायचं होतं, त्यामुळे निवड करायला वेळ लागला नाही.

जोडणी सोपी आहे. डॅशबोर्डमध्ये लाइव्ह टीव्ही, तिथे ट्यूनर (चॅनेल जिथून येतात तो स्रोत) म्हणून एम३यू निवडायचं आणि फाइलचा पत्ता द्यायचा. खाली वेळापत्रकासाठी एक्सएमएल टीव्ही फाइलचा पत्ता. तिथे शेड्यूल्स डायरेक्ट असाही पर्याय दिसतो, पण ती सशुल्क सेवा मुख्यतः अमेरिका-कॅनडासाठी आहे. आपल्याकडच्या चॅनेलना तिचा उपयोग नाही.

यादी कुठून आणायची हा पहिला खरा प्रश्न. गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर आयपीटीव्ही-ऑर्ग नावाचा प्रकल्प आहे. इंटरनेटवर उघडपणे उपलब्ध असलेल्या थेट प्रक्षेपणांच्या लिंक तिथे देशानुसार, भाषेनुसार लावून ठेवलेल्या असतात. मराठीची वेगळी यादी आहे. बऱ्याच चॅनेलपुढे 'चोवीस तास नाही' किंवा 'ठरावीक देशापुरतं' अशा अर्थाच्या खुणा असतात, त्या नीट वाचायच्या. माझा सल्ला असा की अख्खी यादी सर्व्हरला जोडू नका. शेकडो चॅनेल येतात, त्यातली कित्येक उघडत नाहीत, आणि घरातली माणसं दुसऱ्या दिवशी सेट टॉप बॉक्सच्या रिमोटकडे वळतात. मी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये स्वतःची छोटी यादी केली. दूरदर्शन सह्याद्री, प्रसारकांनी स्वतःच मोफत खुली ठेवलेली मराठी बातम्यांची चॅनेल, दोन-तीन भक्तीची, मुलीसाठी थोडी विज्ञानाची. तीसच्या आतच. प्रत्येक ओळीत चॅनेल क्रमांकाचा टॅग टाकला, म्हणजे क्रम आपल्या मनासारखा लागतो. सह्याद्री एक नंबरला ठेवलं आहे. सासूबाईंना ते तिथेच हवं असतं.

दोन ठिकाणी मी स्पष्ट रेघ ओढली. सगळी सशुल्क चॅनेल स्वस्तात देतो म्हणून व्हॉट्सॲपवर ज्या याद्या विकल्या जातात, त्या चोरीच्या आहेत. त्या घरात आणू नयेत. त्या कधी बंद पडतील याचाही भरवसा नसतो, आणि भरलेले पैसे परत मागायला कुणी समोर नसतं. दुसरी गोष्ट यूट्यूबवरच्या थेट बातम्यांची. त्यांची प्रक्षेपणाची लिंक काही तासांत मुदत संपून मरते, त्यामुळे ती यादीत टिकत नाही. ती सतत नवी करत राहणारी साधनं आहेत, पण टीव्हीवर यूट्यूबचं ॲप असताना तो उद्योग कशाला? बातम्या तिथेच पाहाव्यात.

आता अडचणींकडे वळते. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं.

चॅनेल यादीत दिसतं पण लागत नाही, ही सर्वांत नेहमीची तक्रार. अशा वेळी जेलीफिनच्या सेटिंगला हात लावण्याआधी तीच लिंक संगणकावर व्हीएलसी या प्लेअरमध्ये उघडून बघा. तिथेही लागली नाही तर दोष लिंकचा आहे, सर्व्हरचा नाही. तिथे लागली आणि टीव्हीवर लागली नाही, तर डॅशबोर्डमधल्या लॉगमध्ये एफएफएमपेगची (प्रक्षेपण घेऊन पुढे देणाऱ्या, गरज पडली तर बदलणाऱ्या प्रोग्रामची) ताजी नोंद उघडा. ४०४ दिसलं तर पत्ताच बदलला आहे, नवी लिंक शोधा. ४०३ दिसलं तर पत्ता बरोबर आहे पण पलीकडचा सर्व्हर आपल्याला नकार देतोय. लिंकमधल्या टोकनची (तात्पुरत्या परवानगीच्या खुणेची) मुदत संपलेली असते, प्रक्षेपण दुसऱ्या देशापुरतं असतं, किंवा विचारणारा प्लेअर कोण हे पाहून तो दार लावतो. तिसऱ्या कारणावर उपाय सोपा आहे. एम३यू ट्यूनरच्या सेटिंगमध्ये यूजर एजंटची, म्हणजे प्लेअरच्या ओळखीची, जागा आहे, तिथे नेहमीच्या ब्राउझरचं नाव द्यायचं. एजंट अख्ख्या ट्यूनरला लागू होतो, म्हणून अशा हट्टी चॅनेलची वेगळी फाइल करून मी दुसरा ट्यूनर जोडला आहे. हे दोन आकडे ओळखता आले की निम्म्याहून जास्त कोडी पाच मिनिटांत सुटतात.

अडखळत चालणं हा वेगळा आजार आहे आणि त्याची कारणंही वेगळी. बहुतेक प्रक्षेपणं एचएलएस पद्धतीची असतात, म्हणजे काही सेकंदांचे तुकडे एकामागून एक येत राहतात. एकाच चॅनेलचे दोन-तीन दर्जे उपलब्ध असतात. फोनवरचं ॲप नेट मंदावलं की खालच्या दर्जावर उतरतं आणि आपल्याला फक्त चित्र थोडं धूसर दिसतं. जेलीफिनमध्ये मधे एफएफएमपेग बसलेलं असतं. ते सहसा सर्वांत वरचा दर्जा धरतं आणि मग त्यावरच राहतं. लाइन मंद झाली की चित्र थांबतं. जोरदार पावसात आमच्याकडे हे हमखास होतं, कारण गच्चीवरून गच्चीवर टाकलेल्या फायबरला वारा-पाऊस सोसवत नाही. उपाय असा: मुख्य प्लेलिस्ट (सगळ्या दर्जांच्या लिंक असलेली फाइल) टेक्स्ट एडिटरमध्ये उघडायची, मधल्या दर्जाची लिंक वेगळी काढायची आणि तीच यादीत टाकायची. बातम्यांना ५७६ ओळींचं चित्र भरपूर झालं. सासऱ्यांच्या लक्षातही आलं नाही की दर्जा खाली आणलाय. अडखळणं थांबलं एवढं मात्र त्यांनी लगेच सांगितलं.

दुसरं कारण घरातच असतं. आमच्यासारख्या दाटीवाटीच्या इमारतीत २.४ गिगाहर्ट्झ वायफायवर एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. आजूबाजूच्या सगळ्या घरांचे राउटर त्याच तीनवर दाटलेले. टीव्हीला लॅन केबल लावा. अनेक टीव्हींचं लॅन पोर्ट शंभर एमबीपीएसचंच असतं. ते कमी वाटतं, पण असं एक प्रक्षेपण काही एमबीपीएसमध्ये भागतं. भिंतीच्या कडेने पांढरी पट्टी मारून केबल नेली आणि निम्म्या तक्रारी मिटल्या. राउटरला छोटा यूपीएस लावणंही तितकंच गरजेचं, नाहीतर लाइट क्षणभर डोळा मिचकावून गेली तरी सगळं पुन्हा सुरू व्हायला पाच मिनिटं जातात.

तिसरं कारण ट्रान्सकोडिंग. टीव्हीला चालेल अशा स्वरूपात प्रक्षेपण नसेल तर सर्व्हर ते तिथल्या तिथे बदलून देतो. हे काम ग्राफिक्सच्या भागावर टाकलं नसेल तर प्रोसेसर शंभर टक्क्यांवर जातो आणि चित्र दर काही सेकंदांनी गोठतं. डॉकरमध्ये, म्हणजे प्रोग्राम वेगळ्या डब्यात (कंटेनरमध्ये) चालवण्याच्या सोयीत, जेलीफिन चालवत असाल तर डीआरआय डिव्हाइस (ग्राफिक्सचा भाग) कंटेनरला द्यावा लागतो, सोबत रेंडर ग्रुपची परवानगीही. मग प्लेबॅकच्या पानावर इंटेल क्विक सिंक (ग्राफिक्सच्या भागावर हे काम करायची इंटेलची सोय) निवडायचं. हे झाल्यापासून दोन टीव्ही एकदम चालले तरी मशीनचा पंखा ऐकू येत नाही. त्याच पानावर जुने तुकडे पुसत राहण्याचा पर्याय नव्या आवृत्त्यांमध्ये आहे, तोही चालू करा. दिवसभर बातम्या लावून ठेवणाऱ्या घरात तात्पुरत्या फाइलींनी डिस्क भरते.

एका चॅनेलवर खाली पळणाऱ्या पट्टीतली अक्षरं दातेरी दिसायची. ते चित्र इंटरलेस्ड होतं, म्हणजे सेकंदाला पंचवीस पूर्ण फ्रेमऐवजी पन्नास अर्ध्या. प्लेबॅकच्या पानावर डीइंटरलेसिंगची निवड आहे, पण ती ट्रान्सकोडिंग होत असेल तरच लागू पडते. टीव्हीवरच्या ॲपमध्ये बिटरेटची मर्यादा मुद्दाम खाली आणली की सर्व्हर ते चॅनेल बदलून द्यायला लागतो आणि अक्षरं स्वच्छ होतात. सासूबाई चष्म्याशिवाय ती पट्टी वाचतात, म्हणून एवढा आटापिटा केला.

आता वेळापत्रक. माझ्या मते हा या सगळ्यातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे, आणि सगळ्यात जास्त सुख देणाराही. वेळापत्रक नसेल तर नुसती चॅनेलची रांग दिसते. ते असलं की पडद्यावर आत्ता काय चालू आहे, पुढे काय आहे, हे मराठीत दिसतं आणि टीव्ही टीव्हीसारखा वाटतो. आयपीटीव्ही-ऑर्गचंच वेळापत्रक गोळा करणारं साधन आहे. ते रात्री क्रॉनने (ठरल्या वेळी काम सुरू करणाऱ्या सोयीने) चालवते, ते एक्सएमएल फाइल बनवतं आणि जेलीफिन ती उचलतं. दोन गोष्टी तपासा. यादीतला टीव्हीजी आयडी (चॅनेलची ओळखखूण) आणि वेळापत्रकातला चॅनेलचा आयडी अक्षरशः सारखा हवा. नसेल तर डॅशबोर्डमध्ये हाताने जोडी लावता येते, पण फाइलमध्येच दुरुस्त करणं टिकाऊ. आणि वेळेपुढे +०५३० लिहिलेलं आहे का, हे बघा. एक्सएमएल टीव्हीमध्ये टाइमझोन दिला नसेल तर ती वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरली जाते. मग संध्याकाळी सातच्या बातम्या पडद्यावर रात्री साडेबाराला दिसतात. वेळापत्रक नेमकं साडेपाच तासांनी सरकलेलं दिसलं तर दुसरीकडे शोधूच नका.

रेकॉर्डिंग वेळापत्रकाच्याच खांद्यावर चालतं. कार्यक्रमावर बटण दाबायचं, आधी-नंतर काही मिनिटं जादा धरायची, झालं. पण खास प्रक्षेपणं वेळापत्रकात बऱ्याचदा नसतात. आषाढी एकादशीला पंढरपूरच्या शासकीय महापूजेचं प्रक्षेपण सह्याद्रीवर पहाटे असतं, आणि सासूबाईंना ते पाहायचंच असतं. त्या वयात अडीचला उठायला लावणं बरं नव्हे. म्हणून मी एफएफएमपेगलाच क्रॉनमधून वेळ लावून दिली. पुन्हा एन्कोड न करता, जसं येतंय तसं ठरावीक तास फाइलमध्ये उतरवायचं. फाइल जेलीफिनच्या फोल्डरमध्ये ठेवली. सकाळी अंघोळ आटोपून त्यांनी अख्खी पूजा शांतपणे पाहिली, हात जोडून. या सगळ्या जोडणीतलं मला सर्वांत आवडलेलं काम हेच.

काय जमत नाही तेही सांगायला हवं. चॅनेल बदलायला सेट टॉप बॉक्सपेक्षा जास्त वेळ लागतो आणि प्रक्षेपण मागे असतं. एचएलएसच्या २०१७ च्या मानक दस्तऐवजातच प्लेअरने निदान तीन तुकडे मागून सुरुवात करावी असं आहे. सहा सेकंदांचे तुकडे धरले तर अठरा सेकंद तिथेच गेले. निवडणूक निकालाच्या दिवशी शेजारच्या केबलवर आकडा आधी येतो, आपल्याकडे नंतर. त्यावर इलाज नाही. आणि मालिकांची सशुल्क मनोरंजन चॅनेल अधिकृतपणे अशा यादीत येत नाहीत. त्यासाठी त्यांची ॲप किंवा केबलच. आमच्याकडे केबलचं पॅकेज छोटं केलं, बंद नाही. रात्री आठ ते दहा घरात मालिका चालतात आणि त्या बंद करायचा माझा विचार कधीच नव्हता.

बाहेरून बघायचं असेल तर राउटरवर ८०९६ पोर्ट उघडून ठेवू नका. बऱ्याच जोडण्या सीजीनॅटच्या मागे (म्हणजे अनेक ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता) असल्यामुळे तसंही ते चालत नाही. टेलस्केल या खासगी जोडणीच्या ॲपने काम होतं. नाशिकला असलेले दीर याच मार्गाने घरचे व्हिडिओ बघतात.

पुढची पायरी आता समोर आहे. सह्याद्री डीडी फ्री डिशवर सॅटेलाइटनेही येतं, ९३.५ अंश पूर्वेच्या जीसॅट-१५ वरून. ठाण्यातून ती दिशा आग्नेयेची आणि क्षितिजापासून साधारण ५७ अंश वर. फ्री डिशची एमपेग-२ या जुन्या व्हिडिओ स्वरूपातली चॅनेल संगणकाच्या डीव्हीबी-एस२ (सॅटेलाइट) ट्यूनरने घेता येतात. टीव्हीहेडएंड हे ट्यूनर सांभाळणारं सॉफ्टवेअर त्यांची एम३यू यादी ९९८१ पोर्टवरून देतं आणि ती जेलीफिनला इंटरनेटच्या यादीसारखीच जोडता येते. म्हणजे नेट गेलं तरी सह्याद्री चालू राहील. मुसळधार पावसात केयू बँडचा (डिशकडे येणाऱ्या लहरींचा) सिग्नलही पडतो, त्यामुळे दोन्ही वाटा हव्यातच. आमच्या खिडक्या पश्चिमेला आहेत, म्हणून डिश गच्चीवरच लावावी लागेल. सोसायटीकडे परवानगीचा अर्ज दिला आहे.