क्लिपचा वाचनदिवा: आधी क्लिप तपासा
रात्री वाचणाऱ्याला क्लिपचा एलईडी दिवा फार उपयोगी, पण ६५०० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगछटेचं माप) पांढराशुभ्र उजेड कागदावरून डोळ्यांना टोचतो. २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसरच घ्या.

खरी गोम क्लिपमध्ये आहे. स्प्रिंग कडक असली की पातळ मुखपृष्ठावर वळ उठतो. ढिली असली की पान उलटताना दिवा घसरतो. जबड्याला आतून रबर हवंच. मागच्या पुठ्ठ्यासोबत दहा-बारा पानं धरून क्लिप लावा, पकड पक्की बसते. गुळगुळीत कागद चकाकत असेल तर दिवा कडेला नेऊन उजेड तिरपा पाडा. लवचीक मान मात्र मुळाशी काटकोनात वाकवू नका, आतली वायर तिथेच तुटते.

बटणसेलवाले दिवे टाळा. टाइप-सी चार्जिंगचे बरे.