गावच्या सैनिकांचा शोध: ऑनलाइन यादीपासून की घरातल्या ट्रंकेपासून?

पहिल्या महायुद्धात आपल्या गावातून कोण गेले होते, हे शोधायचे तर एक वाट राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या ऑनलाइन यादीची आणि दुसरी घरोघरच्या विचारपुशीची. निफाड तालुक्यातल्या आमच्या गावासाठी मी दोन्ही चालून पाहिल्या.

ऑनलाइन यादीचे मोल मोठे आहे. ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळात मृत्यू पावलेल्या सैनिकाचा क्रमांक, पलटण आणि मृत्यूची तारीख घरबसल्या कळते. काही नोंदींत वडिलांचे नाव आणि गावही सापडते.

माझे घोडे अडले ते नावापाशी. पणजोबांचे धाकटे भाऊ इराकमधल्या बसऱ्याला गेले ते परतले नाहीत, एवढेच आमच्या घरात सांगत. भरतीच्या वेळी कारकुनाच्या कानाला जे पडले ते इंग्रजीत उतरले, त्यामुळे एकच सखाराम कुठे ‘साकाराम’ तर कुठे ‘सुखराम’ होतो, आडनाव अनेकदा गळालेले असते, आणि गाव ‘पिंपळगाव’ दिसले तरी नाशिक जिल्ह्यात पिंपळगावे किती, हे इथल्या माणसाला सांगायला नको. तीन आठवडे रोज रात्री मी निरनिराळी स्पेलिंगे टाकत राहिलो. अखेर एकाच नावाचे अकरा सैनिक समोर आले आणि त्यांतले आमचे कोणते, हे ठरवायला हाती काहीच नव्हते.

उलगडा झाला तो भाऊबंदांतल्या एका आजींकडे. पत्र्याच्या ट्रंकेत, जुन्या लग्नपत्रिकांखाली, फडक्यात बांधलेले पितळी रंगाचे विजयपदक, म्हणजे पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांना मिळालेले पदक, होते. जोडीचे चांदीचे पदक ७२च्या दुष्काळात मोडले, असे त्या म्हणाल्या. पदकाच्या कडेवरची अक्षरे चिंचेने घासून पुसट झाली होती. कागद धरून वरून पेन्सिल फिरवली, तेव्हा क्रमांक, नाव आणि ११७वी मराठा पलटण एवढे उमटले. इराकमधल्या कुत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात सापडून २९ एप्रिल १९१६ रोजी ज्या फौजेला शरण जावे लागले, तिच्यात ही पलटण होती. तो क्रमांक यादीत टाकताच एकच नोंद उरली, आणि तिच्यातले नावाचे स्पेलिंग मला कधीच सुचले नसते.

शिवाय जे परतले ते त्या यादीत नाहीतच, कारण ती मृतांचीच आहे. आमच्या चावडीतल्या संगमरवरी पाटीवरही किती गेले आणि किती कामी आले, एवढेच आकडे आहेत. बसऱ्याच्या स्मारकावरसुद्धा भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, शिपायांची मात्र पलटणवार संख्याच. ही पोकळी घरेच भरून काढू शकतात.

अर्थात घरच्या आठवणीवर डोळे झाकून विसंबू नये. एका घरी पहिल्या युद्धातले म्हणून सांगितलेले आजोबा कागदपत्रांवरून दुसऱ्या युद्धात ब्रह्मदेशात लढलेले निघाले. गावात जुने माणूसच उरले नसेल, तर यादीपासून सुरुवात करणे कदाचित सोयीचे ठरेल. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आधी चौकशी करावी.

पण ऐंशी-नव्वदीतले कोणी गावात असेल, तर माझ्या मते संगणक नंतर उघडावा. पाटीवरच्या २६ जणांपैकी १९ नावे आज आमच्या वहीत आहेत, आणि त्यांतली १७ घरांतून मिळालेली आहेत.